घरची साक्ष

वीणा: ती नको, राखाडी पॅन्ट घाला. त्या तपकिरीच्या गुडघ्यांना चमक आलीय.

सुहास: आज माझ्या गुडघ्यांकडे कोण बघणार आहे? आज सगळे तुझ्याकडे बघणार.

वीणा: साक्ष द्यायला उभे राहणार ना तुम्ही? मग तुमच्याकडेही बघतील.

सुहास: उभा राहीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

वीणा: म्हणजे?

सुहास: म्हणजे काय म्हणजे? मंडळीने चर्चच्या वडीलपदासाठी कोणाचं नाव पुकारलं, तरी त्याच्या घरच्या माणसाने उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची असते. घरची साक्ष नाही, तर वडीलपण नाही. मग वर्षभर जागा रिकामी आणि पुढच्या सभेत दुसरं नाव. मंडळीच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय.

वीणा: मला घटना सांगताय? तुम्ही ती डायनिंग टेबलावर लिहीत होतात, तेव्हा समोर मेथी निवडत मीच बसले होते. पासष्टीनंतर वडिलाने उतरायचं, हेही तुम्हीच लिहिलंत.

सुहास: ते त्या ज्योतिबा साळव्यांना उतरवायला लिहिलं होतं! मीही एक दिवस पासष्टचा होईन, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं?

वीणा: माझ्या होतं. मी काही बोलले नाही.

सुहास: तू कधी काही बोलतच नाहीस. तोच तर मुद्दा आहे.

वीणा: कसला मुद्दा?

सुहास: राहू दे. राखाडी पॅन्टला इस्त्री नाही.

वीणा: केलीय. कपाटात पुढेच टांगलीय. आणि हे बघा, गेले पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी असे तिरके बोलताय. काय ते एकदा सरळ सांगा.

सुहास: सरळ सांगू? एकाने तरी म्हणायला हवं होतं. भर सभेत उठून, "रणपिसे साहेब, आणखी एक वर्ष राहा." मी नाहीच म्हणालो असतो. पण म्हणायला काय जातं लोकांचं? कन्नड मंडळीकडून त्यांचं प्रार्थनामंदिर दुपारी वापरायला कोणी मिळवलं? मी. खुर्च्या कोणी आणल्या? मी. त्यांच्या वॉचमनशी भांडण कोणी मिटवलं? फॅक्टरीतून सुटलो की मी तडक तिकडे जायचो, घरी नाही. आणि आता नाव कोणाचं पुकारतात? बायकोचं.

वीणा: दुसऱ्या कोणाचं पुकारलं असतं तर चाललं असतं?

सुहास: दुसऱ्याचं पुकारलं असतं तर मी त्याला शिकवलं असतं, किल्ल्या दिल्या असत्या, पाठीवर हात ठेवला असता. तुला काय शिकवू? तू विचारतेस कुठे?

वीणा: पाळकसाहेबांनी मला विचारलं त्याच दिवशी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात.

सुहास: मला वाटलं, चार मतं पडतील. बायकांची.

वीणा: आणि?

सुहास: आणि काय आणि? सगळेच हात वर. तो योगीराज, ज्याला मी माईक धरायला शिकवलं, त्याचे तर दोन्ही हात वर.

वीणा: हो, हसू आलं मला ते बघून.

सुहास: तुला आवडलं ना?

वीणा: काय?

सुहास: नाव पुकारलं तेव्हा. खरं सांग.

वीणा: आवडलं. खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर पुन्हा एकदा मनात ऐकलं सुद्धा. वीणा सुहास रणपिसे. मला हवंय ते.

सुहास: वा! निदान आज सरळ बोललीस.

वीणा: तुम्ही विचारलंत म्हणून. आता तुम्ही सांगा, तुमच्या मते माझ्यात काय कमी आहे? पाळकसाहेबांनी त्या दिवशी वडिलाचे गुण वाचून दाखवले. भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, सौम्य हवा, अतिथिप्रिय हवा.

सुहास: शिकवण्यात निपुण हवा, हेही होतं त्यात. व्यासपीठावर चढलीस की तुझे पाय कापतात. महिला मंडळात नुसतं स्वागत करायचं होतं, तर पाहुणीचं नावच विसरलीस.

वीणा: कापतात पाय. खरं आहे.

सुहास: आणि अतिथिप्रिय म्हणजे काय नुसतं...

वीणा: अतिथिप्रिय तर तुम्हीच होतात इतकी वर्षं. चहा फक्त मी करत होते.

सुहास: हेच! हेच ते. असं एक वाक्य टाकायचं आणि माणसाला गप्प करायचं. हा सौम्यपणा का?

वीणा: बरं, चुकलं. चला आता. शुभदाअक्कांना घ्यायचंय, त्या खाली येऊन उभ्या राहतील, त्यांचे गुडघे दुखतात.

सुहास: तुझा फोन वाजतोय.

वीणा: वाजू दे.

सुहास: बघ तरी कोण आहे.

वीणा: देवश्री आहे. हॅलो, हो गं. नाही, आता निघतोय. बरं. बरं. रडू नकोस. उपासनेनंतर मागच्या बाकावर थांब, मी येते. हो. ठेवते.

सुहास: काय झालं तिला?

वीणा: काही नाही.

सुहास: रडत होती ना?

वीणा: तुम्ही किल्ली घेतलीत का गाडीची?

सुहास: दिवसभर हेच चालू असतं. मी वडील होतो तेव्हा मला लोक फोन करायचे. हॉल किती वाजता उघडणार? पंखा लागला का? पार्किंग आहे का? आता तेही बंद झालं. परवा तू आंघोळीला गेली होतीस, तेव्हा मी तुझ्या फोनवरून माझ्या फोनला रिंग दिली.

वीणा: कशाला?

सुहास: बिघडलाय की काय, ते बघायला.

वीणा: अहो...

सुहास: वाजला. चांगला वाजतो.

⁂

शुभदाअक्का: स्वल्प थांब रे, पदर अडकला गाडीच्या दारात. हां. सरी, ठीक हाय, आता चल. सलाम सुहास. सलाम वीणा. अय्यो, काय साडी नेसलीस गं! इळकलची की?

वीणा: सलाम अक्का. हो, आईची आहे. उशीर नाही ना झाला तुम्हाला?

शुभदाअक्का: मला कसला उशीर? मी जेवून तयार होऊन बसली होती. आज मला काम हाय की. मंडळीत सगळ्यात वय झालेलं माणूस म्हणून साक्ष मीच विचारायची. रात्री झोप नाही मला. आमच्या तीन पिढ्या ख्रिस्ती, या गावात आजोबांपासून, पण बाईला वडील केलेलं मी बघितलं नाही कधी. देवाने दाखवलं.

सुहास: अजून दाखवलेलं नाही, अक्का. साक्ष बाकी आहे.

शुभदाअक्का: मग? तू देणार की नाही?

वीणा: अहो, पुढे बघून चालवा, सिग्नल पडलाय.

शुभदाअक्का: तू बोलू नको, वीणा. मी याला विचारती. काय रे?

सुहास: देईन. पण खोटी देणार नाही. व्यासपीठावरून खोटं बोलायची मला सवय नाही.

शुभदाअक्का: खोटी कोण मागतंय? खरी काय हाय तुझी?

सुहास: खरी अशी, की ही माझ्यापासून गोष्टी लपवते. चाळीस वर्षांचा संसार, आणि घरात पडदा आहे. दर बुधवारी ही मेट्रोने के. आर. पुरमला जाते. मॅजेस्टिकला गाडी बदलून. कोणाकडे जाते? गुंडो गायकवाडकडे. कशाला जाते? माहीत नाही. विचारलं की म्हणते, त्याच्या आईला भेटायला. आईला भेटून येणारी बाई घरी आल्यावर तासभर गॅलरीत गप्प का बसते?

शुभदाअक्का: का गं?

वीणा: दमते, अक्का.

सुहास: बघा! बघितलंत? तुम्हालाही तेच. बरं, दुसरं ऐका. ईस्टरच्या आधी एकदा मी मंदिराच्या जिन्यावरून खाली येत होतो. हा गुंडो खालच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होता आणि ही शेजारी बसली होती. सहा फुटांचा गडी. मी घाबरलो, म्हटलं काय झालं? मला पाहिल्याबरोबर त्याने बाहीने डोळे पुसले, उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मागचा पंखा दुरुस्त झाला का?"

शुभदाअक्का: मग तू काय बोललास?

सुहास: काय बोलणार? म्हटलं, कंडेन्सर गेलाय, मंगळवारी येतो माणूस.

शुभदाअक्का: हसू येतंय रे मला, रागवू नको.

सुहास: हसा. मला नाही येत. मी त्या मंडळीचा वडील होतो अक्का! त्याच्या लग्नात मी प्रार्थना केली. त्याच्या पोराचं नाव मी सुचवलं. आणि रडताना त्याला ही सापडते, मला बघितलं की पंखा आठवतो. त्या रात्री मी हिला विचारलं, काय झालं गं गुंडोला? चांगलं विचारलं, प्रेमाने. ही म्हणाली, "ते त्याला विचारा."

वीणा: मग विचारायचं होतं ना त्याला.

सुहास: तो सांगेल का मला?

वीणा: तेच म्हणतेय मी. तो सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही. मग उगाच मला का विचारता?

सुहास: मी नवरा आहे तुझा!

वीणा: म्हणून लोकांच्या घरातलं तुम्हाला सांगू? त्यांनी मला सांगताना "साहेबांनाही सांगा" असं म्हटलेलं नसतं.

सुहास: तेव्हा मी वडील होतो. माझा हक्क होता.

वीणा: हक्क?

सुहास: बरं, हक्क नाही. जबाबदारी म्हण.

शुभदाअक्का: तू स्वल्प हळू चालव रे. भांडायचं तर गाडी कडेला घे.

सुहास: भांडत नाहीये. मी फक्त सांगतोय की आज उभा राहून हेच बोलणार. शास्त्राने आधी घर बघायला सांगितलंय. ज्या घरात नवरा-बायकोत पडदा, ते घर व्यवस्थित नाही. मंडळीने विचार करावा.

शुभदाअक्का: वीणा, तू काहीतरी बोल गं.

वीणा: काय बोलू? सांगू दे त्यांना. खरंच आहे ते. पडदा आहे.

शुभदाअक्का: पण मग तुझं वडीलपण जाईल की.

वीणा: जाईल. मला वाईट वाटेल, अक्का. के. आर. पुरमला आणि आणखी दोन घरी अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मागतात. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा येतात, तेवढ्यात किती घरं होणार? वडिलाला ते घरी नेऊन देता येतं, मला देता येत नाही. रिकाम्या हाताने जाते आणि नुसती हात धरून बसते. म्हणून मला हवं होतं. आणि हो, मान मिळतो म्हणूनही हवं होतं. पण म्हणून आता यांच्यापुढे हात जोडणार नाही.

सुहास: मी होतो की वडील तेव्हा. मला का नाही सांगितलंस? मी गेलो असतो भाकर घेऊन.

वीणा: एकदा गेला होतात.

सुहास: मग?

वीणा: उभ्याने दिलीत आणि घड्याळ बघितलंत. नंतर त्या अंथरुणावरच्या आजी मला म्हणाल्या, साहेब घाईत होते.

सुहास: मला हॉल उघडायचा होता!

वीणा: ठाऊक आहे मला.

शुभदाअक्का: सुहास, एक विचारू? रागावशील.

सुहास: विचारा. आज सगळे विचारताच आहात.

शुभदाअक्का: तुला तिचा मत्सर वाटतो की नाही?

सुहास: अक्का!

शुभदाअक्का: अरे, मला म्हातारीला काय लपवतोस? माझी जाऊ भजन गायची. मला गळा नाही. ती गायला बसली की मी आत जाऊन भांडी आपटायची. चाळीस वर्षं आपटली. मला कळतं ते.

सुहास: वाटतो. झालं समाधान? वाटतो मत्सर. पोटात जळतं. तिचा फोन वाजला की जळतं. पोरं मंदिराच्या दारात तिच्या गळ्यात पडतात आणि मला "गुड ईव्हनिंग अंकल" म्हणतात, तेव्हा जळतं. आपल्याच बायकोचा. सांगायलाही लाज वाटते, म्हणून सांगत नव्हतो. पण म्हणून माझा मुद्दा खोटा ठरतो का? लपवते की नाही ती?

वीणा: मुद्दा खरा आहे. मी तेच म्हणतेय मघापासून.

सुहास: आणि माझ्यापासून जे लपवते ते दुसऱ्यांना सांगत नसेल कशावरून? माझ्याबद्दलही सांगत असेल. महिला मंडळात बायका बसल्या की काय नवऱ्यांची आरती करतात? अक्का, तुम्ही दर रविवारी या गाडीत बसता. मी पेट्रोल भरायला उतरतो, दूध घ्यायला उतरतो. तेवढ्यात ही माझ्याबद्दल काय बोलते तुमच्याशी?

शुभदाअक्का: तुझ्याबद्दल?

सुहास: हो, खरं सांगा.

शुभदाअक्का: तुझं बीपी वाढलंय, लोणचं देऊ नका. इतकंच.

सुहास: आणखी?

शुभदाअक्का: आणखी काही नाही. मी पण खोदून विचारती हं, मला सवय हाय. तुझा भाऊ गेला त्या वर्षी तू असा वाळला होतास, मी हिला विचारलं, सुहासला काय होतंय गं? ही बोलली, "भाऊ गेला ना, अक्का." संपलं. परत विचारलं, परत तेच. मला राग पण आला होता.

शुभदाअक्का: काय रे? सिग्नल सुटला की, चल ना.

शुभदाअक्का: वीणा, याचं लक्ष कुठे हाय?

वीणा: ट्रॅफिक आहे, अक्का. चालवू दे त्यांना.

⁂

सुहास: थांब, उतरू नकोस एवढ्यात. अक्कांना योगीराज नेतोय वर. एक मिनिट.

वीणा: लोक आलेत सगळे.

सुहास: अक्कांना खरंच नाही सांगितलंस?

वीणा: काय?

सुहास: चंद्रकांतदादा गेल्यानंतरचं. माझं.

वीणा: नाही.

सुहास: पाळकसाहेबांना?

वीणा: नाही.

सुहास: अनुषाला? पोरीला तरी फोनवर सांगितलं असशील.

वीणा: तिला कशाला सांगू? ते तुमचं होतं.

सुहास: आणि आज? मी उभा राहून तुझ्याविरुद्ध बोललो, तर रागाच्या भरात तरी?

वीणा: रागाच्या भरात तुमच्या हट्टीपणाबद्दल बोलेन. तो सगळ्यांना ठाऊकच आहे. चला आता, राखाडी पॅन्टला सुरकुत्या पडतील.

⁂

(राजाजीनगर. प्रार्थनामंदिर. उपासना संपत आली आहे. शुभदाअक्का पहिल्या बाकाचा आधार घेऊन उभ्या आहेत.)

शुभदाअक्का: मंडळीने वीणा सुहास रणपिसे यांचं नाव वडील म्हणून घेतलेलं हाय. मी मंडळीत वयाने मोठी, म्हणून मी विचारती. या घरातून साक्ष कोण देतं?

सुहास: मी देतो. सुहास रणपिसे.

शुभदाअक्का: इकडे पुढे ये. दे साक्ष.

सुहास: सलाम. ही मंडळी सुरू झाली तेव्हा आपण सात घरं होतो. नगरहून, मिरजेहून, कोल्हापूरहून आलेली. बसायला सतरंजी होती. मी तेव्हा फॅक्टरीत पाळी संपवून...

शुभदाअक्का: सुहास, तुझी साक्ष नको रे. तिची दे.

सुहास: हो. हसा, हसा, हरकत नाही. तिची देतो.

सुहास: माझी बायको माझ्यापासून गोष्टी लपवते. हे मी घरून ठरवून आलो होतो, आणि हे खरं आहे. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी तिला काय काय सांगितलंय ते मला माहीत नाही. मी विचारलं. गोडीने विचारलं, रागाने विचारलं. एकदा ती झोपेत बोलून जाईल म्हणूनही विचारलं. काही उपयोग झाला नाही. मी म्हणणार होतो की ज्या घरात असा पडदा आहे, त्या घराकडे मंडळीने नीट बघावं.

शुभदाअक्का: मग? आता म्हणत नाहीस?

सुहास: आता एक विचारायचं आहे सगळ्यांना. माझा भाऊ चंद्रकांत तिकडे नगरला दवाखान्यात होता. तुम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी उपवासप्रार्थना केली. ती मीच चालवली, इथेच उभं राहून. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

सुहास: त्यानंतर दोन वर्षं मी प्रार्थना करू शकलो नाही.

सुहास: म्हणजे इथे यायचो. प्याला हातात घ्यायचो. तोंडपाठ होतं ते म्हणायचो. पण घरी डोळे मिटले की आत काहीच नसायचं. रोज रात्री ही एकटी प्रार्थनेला बसायची आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. तुमच्याकडे भेटीला आलो आणि तुम्ही म्हणालात, साहेब, आमच्यासाठी प्रार्थना करा, की मी हिच्याकडे बघायचो. ही म्हणायची, "आज मी करते." तुम्हाला वाटायचं, रणपिसे बायकोला किती पुढे करतात. ज्योतिबा साळव्यांनी तर एकदा त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं.

सुहास: आता सांगा. मी वडील असून प्रार्थना करत नव्हतो, हे आजपर्यंत कोणाला ठाऊक होतं? ज्यांना माहीत होतं, त्यांनी हात वर करा.

शुभदाअक्का: कुणाचाच हात नाही.

सुहास: पाळकसाहेब? नाही. योगीराज? नाही. गुंडो? नाही.

शुभदाअक्का: मला पण माहीत नव्हतं रे. मी दर रविवारी तुमच्याच गाडीत बसती.

सुहास: हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हिने एकदाही ते तोंडातून काढलं नाही. माझ्यापुढेही नाही. आज सकाळपासून मी हिच्याशी वाईट भांडलो. हातात असूनही तिने ते वापरलं नाही.

शुभदाअक्का: स्वल्प पाणी पी.

सुहास: बेडा, अक्का, नको पाणी. संपत आलं. मला हिचा हेवा वाटतो, हेही सांगून टाकतो. आजही वाटतो, उद्याही वाटेल, तो काही साक्ष दिल्याने जाणार नाही. ही व्यासपीठावर चढली की हिचे पाय कापतात. खुर्च्यांचा हिशोब हिला जमणार नाही, तो योगीराजने बघावा. पण तुम्ही तुमच्या घरातलं काही हिच्यापाशी ठेवलंत, तर ते तिथेच राहील. माझं राहिलं. एवढीच आमच्या घरची साक्ष.

शुभदाअक्का: मंडळीने ऐकलं?

शुभदाअक्का: ऐकलं. सरी. पाळकसाहेब, या, तिच्या डोक्यावर हात ठेवा. मंडळीचे बाकी वडील पण या. सुहास, तू कुठे चाललास? तू पण ये.

सुहास: मी उतरलो ना आता. पासष्टीनंतर...

शुभदाअक्का: मला घटना सांगू नको. ये.

⁂

वीणा: देवश्रीशी बोलले. निघू या आता. अक्का योगीराजच्या गाडीतून गेल्या, म्हणाल्या, तुम्हा दोघांना बोलायचं असेल.

सुहास: मला काही बोलायचं नाही. मी आज खूप बोललो.

वीणा: बराच वेळ ठेवलात हात माझ्या डोक्यावर.

सुहास: घड्याळ घरी राहिलं.

वीणा: बरं. बसा आता, चालवायला नको एवढ्यात. घाम आलाय.

सुहास: ते साळवे माझ्याजवळ आले होते. म्हणाले, रणपिसे, धाडस केलंत. मला त्यांच्याकडून शाबासकी नको होती.

वीणा: अहो.

सुहास: काय?

वीणा: कशाला सांगितलंत ते सगळ्यांसमोर? मी इतकी वर्षं जपलं. नुसतं "हो" म्हटलं असतंत तरी चाललं असतं. "चांगली आहे" म्हणायचं आणि खाली बसायचं. सगळे तसंच करतात.

सुहास: तुझ्या पोटात गोष्टी राहतात, हे सांगायचं होतं ना मला?

वीणा: मग त्यासाठी स्वतःचं कशाला उघडं केलंत?

सुहास: मग कोणाचं सांगणार होतो? दुसऱ्या कोणाचं मला तू कधी काही सांगतेस का?